आधी आरसी, मग करवत : गोव्यात कॅम्पर व्हॅनचं पासिंग आणि विमा

म्हापशाच्या एका जोडप्याने विचारलं आहे : "सिंधुदुर्गातली, एमएच-०७ पासिंगची, पिवळ्या पाटीची बारा अधिक एक आसनांची ट्रॅव्हलर बघून ठेवली आहे. टोकन दिलंय, गाडी अजून विकणाऱ्याच्याच नावावर आहे. आतल्या सीट काढून पलंग, ओटा, सिंक, केमिकल टॉयलेट आणि छपरावर सोलर पॅनेल बसवायचं आहे. वापर घरच्यांसाठी, जमलं तर हंगामात पर्यटकांना भाड्याने. आरसीवर कॅम्पर व्हॅन अशी नोंद कशी होईल? विमा कोणता घ्यावा? फॅब्रिकेटर म्हणतो, काम आधी करून घेऊ, कागद नंतर होतात."

मी फोंड्यात आधी आठ वर्षं बॉडी शॉप चालवलं आणि नंतरची चोवीस वर्षं मोटार विमा दाव्यांचा सर्व्हेअर म्हणून काम करतो आहे. म्हणजे पत्रा कापणारा हातही माझाच होता आणि कापलेल्या पत्र्याचा दावा नाकारला जाताना मालकाचा चेहरा बघणाराही मीच. म्हणून सुरुवातीलाच सांगतो : फॅब्रिकेटरला थांबवा. अपघात होईल त्या दिवशी गाडी जशी उभी असेल, तशीच ती आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, आणि पॉलिसीवर लिहिलेली असायला हवी. पुढचं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

आधी शब्दांचा गोंधळ दूर करू. बाजारात 'कॅम्पर' नावाने पिकअप मिळतो, पुढे दोन रांगा सीट आणि मागे हौदा असलेला. ती मालवाहू गाडी आहे, तिचा राहण्याशी काही संबंध नाही. मात्र विम्याच्या अर्जात एजंट नुसतं 'कॅम्पर' लिहून मोकळा होतो आणि पॉलिसी मालवाहू वर्गात छापून येते, हे मी एकदा नाही, तीनदा पाहिलं आहे. आपल्याला हवी ती नोंद वेगळी. केंद्र सरकारने ५ नोव्हेंबर २००४च्या अधिसूचनेत वाहनांचे प्रकार दोन याद्यांत मांडले, वाहतूक आणि बिगरवाहतूक. कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर दोन्ही याद्यांत आहे : खाजगी वापराची असेल तर बिगरवाहतूक, नाहीतर वाहतूक. गाड्यांच्या नोंदणीच्या 'वाहन' नावाच्या सरकारी संगणक प्रणालीतही 'कॅम्पर व्हॅन / ट्रेलर' आणि 'कॅम्पर व्हॅन / ट्रेलर (प्रायव्हेट यूज)' असे दोन निराळे वर्ग दिसतात, शिवाय 'मोटर कॅरॅव्हॅन' हाही एक. तुमच्या आरसीवर यांतला कुठला शब्द येणार, यावर पाटीचा रंग, कर, फिटनेस, परमिट आणि विमा हे सगळं ठरतं.

आणि कॅरॅव्हॅन कशाला म्हणायचं तेही ठरलेलं आहे. एआयएस-१२४ हे त्यासाठीचं मानक. बसायला सीट आणि टेबल, झोपायची सोय (सीट उघडून होणारा पलंग चालतो), स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची सोय, या चार गोष्टी हव्यात आणि त्या राहण्याच्या भागात पक्क्या बसवलेल्या हव्यात. टेबल तेवढं सहज काढता येणारं चालतं. गादी टाकली, पडदे लावले, फेअरी लाइट सोडले म्हणजे कॅरॅव्हॅन होत नाही. उलट, पक्का पलंग ठोकलात आणि आरसीवर ट्रॅव्हलर तशीच राहिली, तर ती बेकायदा बदल केलेली ट्रॅव्हलर ठरते.

इथेच कलम ५२ येतं. मोटार वाहन कायदा १९८८च्या या कलमानुसार, निर्मात्याने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हे फार स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्याआधी पुष्कळ ठिकाणी, गोव्यातही, "इन्स्पेक्टर बघतो आणि नोंद करतो" अशी सैल पद्धत होती. लोक अजून त्या काळातले अनुभव सांगतात आणि फॅब्रिकेटर ते खरे धरून चालतात. त्याच वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने कलम १८२अ आणलं : मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द महत्त्वाचे. सीट काढल्या हा एक, छपराला भोक पाडलं हा दुसरा, खिडकी बंद केली हा तिसरा.

याचा अर्थ रस्ताच बंद आहे असा नाही. रस्ते तीन आहेत आणि त्यांची अवघडता सारखी नाही.

पहिला सरळ. कॅरॅव्हॅन म्हणूनच मंजूर झालेली गाडी विकत घ्यायची. एखाद्या बॉडी बिल्डरने ठरावीक मॉडेलवर कॅरॅव्हॅन बांधून ती एआरएआय, सीआयआरटी, आयकॅट अशा चाचणी संस्थेकडून मंजूर करून घेतलेली असते. ती नवी गाडी तुम्ही आणता, फॉर्म २० भरता, विक्रीचा फॉर्म २१ आणि रस्तायोग्यतेचा फॉर्म २२ जोडता आणि गोव्यातल्या तुमच्या सहायक वाहतूक संचालकाच्या कार्यालयात (आपण त्याला आरटीओच म्हणतो, म्हापशाचा कोड जीए-०३) पासिंग होतं. पैसे जास्त लागतात, डोकेदुखी सगळ्यांत कमी.

दुसरा रस्ता : नवी चेसिस (बॉडी नसलेला, इंजिन आणि चाकं असलेला सांगाडा) किंवा चालकाच्या केबिनसह येणारी कॅब-चेसिस घेऊन बिल्डरकडे बॉडी बांधून घ्यायची. इथे फॉर्म २२ऐवजी फॉर्म २२-अ लागतो. त्याचा पहिला भाग चेसिस बनवणारी कंपनी भरते, दुसरा बॉडी बिल्डर. या दुसऱ्या भागावर सही करायचा अधिकार बिल्डरला आहे का, त्या विशिष्ट चेसिसवरच्या कॅरॅव्हॅनचं मंजुरीपत्र त्याच्याकडे आहे का, हे कागद हातात घेऊन बघा. गोव्याला बसबॉडी नवीन नाही. सत्तरीत ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा कित्येक वर्षं बसच्या बॉड्या बांधते आहे, त्यामुळे या कामात मुरलेले वेल्डर, पेंटर, फिटर आपल्याकडे सापडतात. पण चांगला वेल्डर आणि मंजुरी असलेला बिल्डर यांत फरक आहे. मी स्वतः उत्तम वेल्डिंग करायचो, आणि फॉर्म २२-अवर सही करायचा मला काडीचाही अधिकार नव्हता.

तिसरा रस्ता तुमचा : रजिस्टर झालेली, वापरलेली गाडी बदलायची. हा सगळ्यांत अवघड आहे, आणि नेमका हाच सगळ्यांत सोपा म्हणून विकला जातो. काम सुरू करण्याआधी आराखडा, आसनांची नवी संख्या, अंदाजे वजन आणि बिल्डरचं मंजुरीपत्र जोडून कार्यालयाकडे लेखी परवानगी मागायची. परवानगी मिळाली, काम झालं, की चौदा दिवसांत ते कळवून गाडी तपासायला न्यायची आणि आरसी बदलून घ्यायची. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची लेखी संमती आधीच घ्यावी लागते. पण ज्या मॉडेलची, ज्या वर्षाची गाडी आहे, नेमक्या त्याच मॉडेलवर कॅरॅव्हॅनची मंजुरी कुणाकडे नसेल, तर २०१९च्या निकालानंतर कुठलाही जबाबदार अधिकारी त्यावर सही करणार नाही, आणि करू नये असंच माझं मत आहे. छपराला भोक पाडताना आडवी पट्टी कापली गेली की उलटलेल्या गाडीचं छप्पर कसं चेपतं, ते मी अनमोडच्या उतारावर पाहिलंय.

तुमच्या गाडीचं आणखी एक आहे. ती आज प्रवासी वाहतुकीची आहे, परमिटवर आहे आणि दुसऱ्या राज्याची आहे. म्हणजे कॅम्परचा विचार करायच्या आधीच बरीच कामं. विकणाऱ्याने परमिट परत करायचं, महाराष्ट्राचा कर आणि ई-चलानं चुकती करायची, बोजा असेल तर तो उतरवायचा, आणि तिथल्या कार्यालयातून फॉर्म २८वर ना हरकत घ्यायची, ती 'म्हापसा, गोवा' या नावाने. मग फॉर्म २९ आणि ३० वर मालकी तुमच्या नावे, फॉर्म २७ वर गोव्याचा नंबर आणि गोव्याचा कर. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो, आणि पत्रादेवीवरून रोज ये-जा केली म्हणून काही तो नियम टळत नाही. वाहतूक वर्गातून खाजगी वर्गात ती आणायची तर तेरा आसनी गाडी साध्या 'मोटर कार' मध्ये बसत नाही. चालक सोडून सहाहून जास्त माणसं नेणारी गाडी कायद्याने ओम्नीबस, तेव्हा तिची नोंद 'ओम्नी बस (प्रायव्हेट यूज)' अशी होईल. कॅम्परपर्यंत पोहोचण्याआधीचं हे मधलं स्टेशन, आणि कित्येक जण इथेच उतरून आत पलंग ठोकतात.

लायसन्सबद्दल लोक उगाच घाबरतात. ७,५०० किलोपर्यंतचं वाहन हलकं मोटार वाहन, म्हणजे एलएमव्ही, धरलं जातं. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की, एलएमव्ही लायसन्सवाला या मर्यादेतलं वाहतूक वर्गातलं वाहनही वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो. तुमचं साधं लायसन्स पुरेसं आहे.

वजनाबद्दल मात्र घाबरायलाच हवं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. अठरा मिलिमीटर जाडीची आठ बाय चार प्लायची एक शीट साधारण ३० ते ३५ किलो भरते. सहा शीट लागल्या तर २०० किलो इथेच. शंभर लिटर पाण्याची टाकी म्हणजे शंभर किलो, आणि ते वजन वळणावर हलतं. इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी पन्नास किलोच्या पुढेच. सीट काढल्याने वजन उतरतं हे खरं, पण उतरलेलं वजन दोन्ही बाजूंना सारखं पसरलेलं होतं आणि चढलेलं बहुतेक एका बाजूला बसतं, कारण ओटा, फ्रिज आणि टाकी प्लंबिंग सोपं जावं म्हणून एकाच भिंतीला लावतात. चोर्ला घाटात पावसात ब्रेक मारला की गाडी कुठल्या अंगाने जाते ते तुम्हाला तिथेच कळेल. काम सुरू करण्याआधी एकदा आणि संपल्यावर टाकी भरून एकदा वजनकाट्यावर जा, पुढचं आणि मागचं चाक वेगवेगळं तोला, दोन्ही पावत्या जपून ठेवा. आरसीवरच्या एकूण वजनापेक्षा जास्त भरलं तर अपघातानंतर हाच पहिला प्रश्न विचारला जातो.

प्लायवरून आठवलं म्हणून गोव्यापुरतं सांगतो. आपल्याकडचे चार महिने कुठल्याही बंद गाडीचं लाकूड फुगवतात. मरीन प्लाय किंवा ॲल्युमिनियमचं हलकं फ्रेमवर्क वापरा, पत्र्याला आतून इन्शुलेशन लावताना मधे पाणी साठणार नाही याची काळजी घ्या. गंज, बुरशी, सांध्यातून हळूहळू झिरपलेलं पाणी ही झीज मानली जाते आणि कुठलीही मोटार पॉलिसी झिजेचे पैसे देत नाही. झाड पडलं, पूर आला तर देते. हणजूण, मोरजीच्या खाऱ्या वाऱ्यात गाडी वर्षभर उभी राहणार असेल तर खालच्या बाजूला दरवर्षी अंडरकोटिंग करायचा खर्च आत्ताच हिशेबात धरा.

आता विमा. इथे मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण लोकांचे पैसे इथेच बुडतात.

थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देणारा, सगळ्यांना सक्तीचा आहे, आणि त्याचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १,५०० सीसीपेक्षा मोठ्या खाजगी कारसाठी तो ७,८९७ रुपये आहे. प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांना मूळ रकमेवर प्रत्येक आसनामागे वेगळे पैसे लागतात, म्हणून तेरा आसनी गाडीचा हप्ता एकदम चढतो. इथे एजंटला मोह होतो : आरसी ओम्नीबसची आणि पॉलिसी 'प्रायव्हेट कार'ची. हप्ता निम्म्याहून खाली येतो, तुम्ही खूश. दाव्याच्या वेळी सर्व्हेअर आरसी आणि पॉलिसी शेजारी ठेवतो आणि वर्ग जुळत नाही असं पहिल्याच परिच्छेदात लिहितो. मीही तेच लिहितो, मला दुसरा पर्याय नसतो.

कॅम्परसाठी बऱ्याच कंपन्यांच्या प्रणालीत निराळा खण नसतो. कुणी ती खाजगी कारमध्ये घेतं, कुणी 'मिसलेनियस अँड स्पेशल टाइप्स' म्हणजे एजंटांच्या भाषेत 'मिस-डी'मध्ये. दोन्हीपैकी कुठल्या खणात, हे तुम्ही ठरवू नका आणि एजंटलाही ठरवू देऊ नका. आरसीची प्रत, आतले-बाहेरचे फोटो, बिलं आणि एका पानाचं वर्णन जोडून कंपनीच्या अंडररायटरला, म्हणजे विमा कुठल्या अटींवर द्यायचा ते ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला, ईमेल करा आणि त्याचं उत्तर जपून ठेवा. उद्या अधिकारी बदलले, एजंटने धंदा सोडला, तरी ते उत्तर तुमच्याजवळ राहील. फोनवरचं "होतं हो, काही प्रॉब्लेम नाही" दाव्याच्या फायलीत जोडता येत नाही.

मग येते आयडीव्ही, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर मिळणारी कमाल रक्कम. ती गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या विक्री किमतीवरून घसारा वजा करून काढतात : एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीन वर्षांना ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. पाच वर्षांपुढे ती तुमच्या आणि विमा कंपनीच्या संमतीने ठरते. समजा मूळ गाडी १८ लाखांची आणि आत ९ लाखांचं काम केलं. बिलं देऊन ते काम पॉलिसीवर चढवलं असेल तर दुसऱ्या वर्षी २७ लाखांवर २० टक्के घसारा जाऊन २१ लाख ६० हजार. चढवलंच नसेल तर १८ लाखांवर, म्हणजे १४ लाख ४० हजार. मधले ७ लाख २० हजार कुणीही देणार नाही. म्हणून फॅब्रिकेटरकडून जीएसटीचं पक्कं बिल घ्या, आणि त्यात 'इंटिरियर वर्क, एकरकमी' असं न लिहिता फर्निचर, वायरिंग, सोलर, फ्रिज, पाण्याची व्यवस्था असं सुटं सुटं लिहून घ्या. रोखीत केलेलं काम तुम्हाला वापरायला मिळतं, पण विम्याच्या नजरेत ते झालेलंच नसतं.

सुटं लिहायचं कारण असं. गाडी बनवणाऱ्या कंपनीने मूळ गाडीत न दिलेल्या विजेच्या वस्तूंना, म्हणजे इन्व्हर्टर, सोलर, फ्रिज, एसी यांना, वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. आयएमटी-२४ नावाचं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायचं कलम, टॅरिफमधला दर किमतीच्या ४ टक्के. १ लाख ८० हजारांच्या वस्तूंना ७,२०० रुपये आणि वर जीएसटी. हे पैसे लोकांना जास्त वाटतात, मला कधीच वाटले नाहीत. आणि दुरुस्तीच्या दाव्यात प्रत्येक मालाचा घसारा निराळा : प्लास्टिक, रबर, नायलॉन, टायर आणि बॅटरीवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३०, काचेवर शून्य, तर पत्रा आणि लाकडावर गाडीच्या वयाप्रमाणे. कॅम्परमध्ये प्लास्टिक आणि बॅटऱ्या भरपूर, म्हणून मिळत असेल तर झीरो डेप, म्हणजे घसारा न कापता पैसे देणारं ॲड-ऑन, घ्या आणि ते तुमच्या फिटिंगलाही लागू आहे का ते लिहून घ्या.

एक दावा सांगतो. पेडण्यात ऑगस्टमध्ये आंब्याची जाड फांदी एका व्हॅनच्या छपरावर पडली. मालक सज्जन माणूस, शिक्षक. आत सगळं नीटनेटकं : पलंग, ओटा, पुस्तकांचं कपाट. आरसीवर मात्र बारा आसनी गाडी आणि पॉलिसीतही तेच. फांदीने सोलरचे पॅनेल, छपरावरचा पंखा, आतली तीन कपाटं आणि बॅटरीचा खण मोडला. कंपनीने आतल्या सामानाचा एक रुपयाही दिला नाही, आणि छपराच्या पत्र्याचे पैसेसुद्धा "बदलामुळे नुकसान वाढलं का" या प्रश्नावर चार महिने अडकले. मी अहवालात लिहिलं की पंख्याचं भोक फांदीच्या जागेपासून दोन फूट लांब आहे, बदलाचा या नुकसानीशी संबंध नाही. पत्र्याचे पैसे मिळाले. व्हॅनच्या आतलं बाकी सगळं त्यांनी खिशातले पैसे घालून पुन्हा करून घेतलं. याच कामाची नोंद त्यांना कायदेशीर करून मिळाली असती का, याची मी नंतर चौकशी केली. त्यांच्या मॉडेलवर मंजुरी असलेला बिल्डर तेव्हा होता. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आग हा वेगळा विषय. मोटार पॉलिसीत आग आणि स्फोट धरलेले असतात, पण घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर गाडीत सापडला तर वाद अटळ आहे आणि माझ्या मते योग्यही आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून गॅसच्या खणाला आतून कडेकोट दार आणि तळाला बाहेर उघडणारं भोक हवं. ५ किलोचा सुटा विकला जाणारा सिलिंडर वापरा, तोही उभा, बांधून, चालत्या गाडीत रेग्युलेटर काढून. याहून बरं म्हणजे लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी आणि इंडक्शन, गॅसच नको. वायरिंगला प्रत्येक लाइनवर फ्यूज आणि बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळच मुख्य फ्यूज. जळालेल्या कॅम्परचं मूळ मी ज्या ज्या वेळी शोधलं, त्यांतल्या बहुतेक वेळी ते बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामधल्या जेमतेम हातभर वायरीत सापडलं.

माणसांचाही विचार करा. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा हा गाडी चालवताना, सहचालक म्हणून प्रवास करताना किंवा गाडीत चढता-उतरताना लागू होतो. काणकोणात माडाखाली गाडी लावून रात्री आत झोपलेलं असताना काही झालं तर तो कामी येईल असं धरून चालू नका. कॅम्परवाल्यांनी घरातल्या प्रत्येकाचा गाडीशी न जोडलेला अपघात विमा घ्यावा, तो स्वस्त असतो. लॅपटॉप, कॅमेरा, कपडे हे गाडीचा भाग नाहीत, त्यांना वेगळं ॲड-ऑन लागतं. कॅम्पर हे घर असलं तरी गृहविमा तिला लागू होत नाही.

आता भाड्याचा प्रश्न, कारण तुम्ही "जमलं तर" असं लिहिलंय आणि मला त्या दोन शब्दांची काळजी वाटते. खाजगी वर्गातली, पांढऱ्या पाटीची गाडी पैसे घेऊन कुणाला देता येत नाही. गोव्यात हे सगळ्यांना माहीत आहे, रेंट-अ-कॅबची काळी पाटी आणि पिवळी अक्षरं आपण रोज बघतो, तरीही पांढऱ्या पाटीच्या गाड्या भाड्याने जातातच. खाजगी पॉलिसीत 'हायर ऑर रिवॉर्ड', म्हणजे भाडं किंवा मोबदला घेऊन केलेला वापर, वगळलेला असतो. एका प्रकरणात मालक म्हणत होता, मित्रांना दिली होती. पोलिसांनी घेतलेल्या जबाबात आतल्या चौघांनीही रात्रीमागे किती पैसे दिले ते सांगितलं, आणि मोबाईलवरचं बुकिंग फायलीत जोडलं गेलं. गाडीच्या नुकसानीचा दावा गेला. समोरच्या स्कूटरवाल्याला भरपाई कंपनीने दिली आणि ती मालकाकडून वसूल करायला घेतली. अशा प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २०१०च्या एका निकालात, दावा पूर्ण न नाकारता 'नॉन-स्टँडर्ड' म्हणून काही टक्के देण्याचा मार्ग मान्य केला आहे, पण त्यासाठी ग्राहक आयोगात वर्षं घालवावी लागतात.

भाड्यानेच द्यायची असेल तर सुरुवातीपासून वाहतूक वर्गातली कॅम्पर व्हॅन घ्या : पिवळी पाटी, परमिट, व्यावसायिक विमा, आणि फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. चालकासह द्यायची की नुसती चावी, यावरही परवाना बदलतो. पाहुणे आत झोपणार म्हणून पर्यटन खात्याकडेही आधी विचारून घ्या. आणि त्यांना सांगा की पर्यटन स्थळांवर उघड्यावर स्वयंपाक करणं गोव्यात गुन्हा आहे, २००१च्या कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने ते आलंय. किनाऱ्यावर चूल मांडून बसलेला पाहुणा दंड भरून निघून जातो, गाडीचा नंबर मात्र तुमचा लक्षात राहतो. एकाच गाडीत घरचा वापर आणि धंदा दोन्ही बसवायचं तर ती धंद्याच्या वर्गात नोंदवून घरच्यासाठी वापरा, उलटं नको.

तर मग तुम्ही काय करावं? तुमच्या जागी मी असतो तर ही तेरा आसनी गाडी घेतली नसती. परमिट परत करणं, दुसरं राज्य, ओम्नीबसमधून खाजगी, आणि मग कलम ५२ अशा चार दारांतून ती न्यावी लागेल, आणि शेवटचं दार बंद निघालं तर हातात एक मोठी, रिकामी, जास्त हप्त्याची गाडी राहील. घरच्यासाठीच हवी असेल आणि खर्च आवरायचा असेल, तर खाजगी पासिंगची सहा-सात आसनी गाडी घ्या. तिच्या सीट जागेवर ठेवून, दुमडलेल्या सीटवर बसणारं सुटं पलंगाचं खोकं बनवा. ते पाना न लावता उचलून बाहेर काढता आलं पाहिजे. असं खोकं माझ्या अनुभवात सामान म्हणून पाहिलं जातं, त्याने आसनसंख्या, वजन किंवा बॉडी बदलत नाही. त्यात सिंक आणि टॉयलेट बसणार नाही, पण आंबोलीला दोन रात्री काढायला ते लागतही नाही. पूर्ण घर हवं असेल तर पैसे जमवून मंजूर कॅरॅव्हॅन घ्या. ओढून न्यायचा ट्रेलर हा चौथा पर्याय लोक सुचवतात. त्याचं पासिंग आणि विमा स्वतंत्र लागतो, आणि आपल्या वाड्यावाड्यांतल्या वाटांवर तो मागे घेताना माझेच हात कापतील, म्हणून मी तो सुचवत नाही.

तरीही याच गाडीवर मन असेल तर टोकनच्या पुढे पैसे देण्याआधी दोन गोष्टी करा. विकणाऱ्याकडून आरसीची दोन्ही बाजूंची प्रत आणि परमिटची प्रत मागवा. मग जो बिल्डर काम करणार आहे त्याला तिच्यावरचं मॉडेलचं पूर्ण नाव वाचून दाखवा आणि नेमक्या त्या मॉडेलचं एआयएस-१२४ मंजुरीपत्र मागा, दुसऱ्या मॉडेलचं चालणार नाही. ते पत्र मिळालं तर ते घेऊन म्हापशाच्या कार्यालयात अर्ज द्या आणि पोच घ्या. नाही मिळालं तर टोकन परत मागा. थोडे पैसे कापून घेतले तरी चालेल. आरसी हातात आली की वाहनाचा वर्ग, आसनसंख्या, रिकामं वजन आणि एकूण वजन, या चार ओळी मला लिहून पाठवा. आत काय आणि किती बसेल, ते मी तुम्हाला किलोच्या हिशेबात मांडून देईन.